चार नंबरची चौकट

तळघराला खिडकी नाही. भट्ट्यांना बाहेर बघायचं नसतं,
आणि मला सव्वीस वर्षांत सवय झाली.
इरी तळ्यावरून वारा सुटला की कळतं ते
जिन्यावरून उतरणाऱ्या पोरांच्या नाकांवरून.

ओडालिस रेन्तास आली ती तिसऱ्या वर्षाला.
बोटांना आईच्या नखांच्या दुकानातला अ‍ॅसिटोनचा वास.
म्हटलं, बरं झालं, इथेही तेच लागतं,
नमुने पुसायला.

हातात फॉर्म. चार अधिक एक.
पाच वर्षांत दोन पदव्या,
तीन विषय दोन्हीकडे मोजतात:
एकच नाणं दोन खिशांत वाजवायचं
आणि विद्यापीठाची त्याला हरकत नाही.
आईने फोनवर विचारलं होतं,
जास्तीचं एक वर्ष म्हणजे किती नखं?
तिने हिशेब केला. मला सांगितला नाही.

मी तिला चार नंबरची चौकट दिली,
बाकीच्या तिन्ही कुरकुरतात.
निकेलच्या मिश्रधातूची कांडी, करंगळीहून बारीक,
साडेसहाशे अंशांत टांगलेली,
खाली लोखंडी वजनं, रोज तेवढीच.
काही होत नाही. हाच प्रयोग.
दिवसाकाठी केसाच्या जाडीइतकंही नाही,
पण धातू सरकतो;
आतले कण एकमेकांना वाट करून देतात
जशी बाकावरची माणसं सरकतात
नवा कुणी आला की, नाव न विचारता.

"मोडणार कधी?"
"ते तिलाच विचार."

वर वर्गात सूत्रं, लॉगरिदम, उतार.
खाली मी शिकवते घासणं.
आठशेचा कागद, मग बाराशेचा, मग हिऱ्याची लुगदी,
दर वेळी नमुना काटकोनात फिरव,
जुना ओरखडा दिसतोय तोवर
पुढच्या कागदाला हात लावू नकोस.
पोलादाला पाणी देताना पहिल्या खेपेला
चर्रर्र झालं तसे तिने डोळे मिटले.
दुसऱ्या खेपेला उघडे ठेवले.

जानेवारीत वादळ. चाळीस मिनिटं वीज नाही.
एकोणीसशे तास झाले होते.
कागदावरची रेघ विहिरीत पडल्यासारखी खाली,
मग धापा टाकत वर.
मी म्हटलं, आता कबूल करते,
एवढं कोण बघतंय? सरळ करून टाक.
ती म्हणाली, "मिसेस व्राबेल, कांडीने बघितलंय."
वहीत लिहिलं: २.४० ते ३.२०, वीज नाही. नमुना रद्द.
खाली सही. त्याखाली
माझ्यासाठी एक रिकामी ओळ.
मीही केली.

फेब्रुवारीत नवी कांडी. शून्य तास.

मेमध्ये तिच्या वर्गाच्या टोप्या उडाल्या.
हिच्या दोन्ही पदव्या एकदमच यायच्या,
म्हणून एकही आली नाही.
त्या दुपारी ती तीन नंबरचं थर्मोकपल बदलत बसली,
वरून बँड ऐकू येत होता, त्यातला फक्त ढोल.
आई मात्र आली. गुलाबी बूट,
हात भट्टीपासून लांब, पाठीमागे बांधलेले.
सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तिने बघितलं
आम्लाने कोरलेलं पोलाद, कणांच्या सगळ्या सीमा,
आणि म्हणाली, रंग घाईत सुकवला की नखावर
अगदी अशाच भेगा पडतात.
ओडालिस हसली नाही. वहीत टिपलं.

कांडी मोडली जूनमध्ये, रविवारी पहाटे.
कुणी नव्हतं.
घड्याळ आपोआप थांबलेलं
तीन हजार एकशे सतरा तासांवर,
वजनं वाळूच्या पेटीत बसलेली.
सोमवारी तिने दोन्ही तुकडे चिमट्याने उचलले,
तोंडाला तोंड लागू न देता.
जोडून बघायचा मोह सगळ्यांनाच होतो.
जोडायचं नसतं. कसं तुटलं ते पुसून जातं.

लिफाफ्यावर तारीख घालताना तिचं पेन संपलं.
माझं दिलं.
मी ऑक्टोबरात निवृत्त होते,
अजून परत मागितलेलं नाही.